लोक येत होते, फोन येत नव्हता

मंडळी, सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. सौंसरच्या आमच्या बागेतला संत्रा तोडून क्रेटमध्ये भरलेला, अन् वेबसाइटवरून एकही फोन नाही.

शेवटी अ‍ॅनालिटिक्स उघडलं. साइटवर कोण येतं, कुठून परत जातं, ते त्यात दिसतं. लोक तर येत होते! भाव पाहायचे, फोन नंबरच्या पानावर जायचे, अन् तिथूनच निघून जायचे.

मी चिडले, "नुसते पाहून राहिले, घेत कोणी नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "त्या नंबरवर तू फोन लावून पाह्यला का वं?"

लावला. पलीकडून अनोळखी माणूस ओरडला, "कितीदा सांगू, माह्याजवळ संत्रा नाही ना बाई!"

नंबरातला एक आकडा मीच चुकवला होता.

तुम्ही आपल्याच साइटवर कधी गिऱ्हाईक बनून गेलात का?