न दिसणाऱ्या बारीक रेघा

फुटबॉल वर्ल्ड कपसाठी दोह्यात हॉटेलं भराभर उभी राहत होती, तेव्हा मी तिथल्या अल मुंतझा भागातल्या एका साइनबोर्ड कंपनीत डिझायनर होते. शेजारच्या टेबलावर नाशिकचे एक गृहस्थ बसायचे. साठीच्या जवळचे, बायको वारलेली, मुलगा नाशिकला. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी त्यांना काका म्हणायचे.

एका हॉटेलाला स्वतःचा टाईपफेस, म्हणजे खास वळणाची अक्षरं, हवा होता, फक्त मोठ्या पाट्यांसाठी. काकांनी तो हाताने काढायला घेतला. उजवीकडे झुकलेली इंग्रजी इटॅलिक अक्षरं. एक रेघ भरदार जाड, तर दुसरी केसाइतकी बारीक होत टोकाच्या सेरिफला, त्या छोट्या आडव्या पायाला, जाऊन टेकलेली. इतकी देखणी अक्षरं आमच्या ऑफिसात कधी झाली नव्हती.

मग ते मला सारखं बोलवायला लागले. ही रेघ जुळलीय का, जरा बघ म्हणायचे. मला वाटलं, चोखंदळपणा. एका सकाळी मात्र 'ए'ची डावी, बारीक रेघ त्यांनी दोनदा काढलेली दिसली, शेजारी शेजारी. मी काही विचारायच्या आत ते हळूच म्हणाले, "बारीक रेघा दिसेनाशा झाल्यात मला. वर कुणाला सांगू नकोस."

डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून जाड रेघा ते काढायचे आणि बारीक मी, ते सांगतील तशा. मॅनेजर दारातूनच यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, करून जायचा. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाटी लागली आणि त्याच आठवड्यात काकांची नोकरी गेली. डोळ्यांमुळे नाही. बांधकामं संपत आली होती, नवी कामं येत नव्हती, एवढंच.

ते नाशिकला परत निघायच्या आदल्या दुपारी आम्ही पाटी बघायला गेलो. ऊन पांढरंफटक होतं. काका बराच वेळ मान वर करून उभे होते. कशी दिसते, मी विचारलं.

"नुसते तिरके दांडे दिसतात," ते म्हणाले. "तू सांग."

मी एकेक अक्षर वाचत गेले. कुठली रेघ कुठे वळते, कुठे टेकते, ते सांगत गेले. ते मान हलवत होते. शेवटचं अक्षर झालं, तसा त्यांनीच टॅक्सीला हात केला.

मॅचेस सुरू झाल्यावर मी नाशिकला फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा आता एकटे बाहेर जात नाहीत. काका फोनवर आले, गर्दी किती आहे, हवा कशी आहे, विचारत राहिले. मग दमलो म्हणाले आणि फोन मुलाकडे दिला.