गोठलेल्या तळ्यावरची लाकडी टिप-अप

ज्या माणसाने आयुष्यभर पाणी अडवलं, त्याला एकदा तरी पाण्यावरून चालायला मिळालं पाहिजे. हे भारदस्त वाक्य मला न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला, जिवंत आमिष आणि कॉफी एकाच काउंटरवर विकणाऱ्या एका दुकानात सुचलं. मी ते मनातल्या मनात नीट घोळवत होते, तेवढ्यात बाबांनी एक खोकं उलटंपालटं करून विचारलं, "हे चीनचंच आहे ना?"

चीनचंच होतं.

बाबा भंडारा जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आई गेल्यावर तिथल्या घरात एकटे राहायचे, बाथरूममध्ये एकदा पडले, आणि पडल्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं. त्यानंतर मी त्यांना न्यू जर्सीत माझ्या घरी, एडिसनला घेऊन आले. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. ते रद्द करून त्यांनी इथेच राहावं, असं मला वाटत होतं. एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "इथं हिवाळ्यात माणूस करते काय?" हिवाळ्यात मी ऑफिसला जाते आणि परत येते. ते ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जाऊन मेथीच्या जुडीची किंमत रुपयांत काढायचे आणि परत यायचे.

मग जानेवारीत एका रविवारी आम्ही ओळखीच्यांकडून गाडीने परत येत होतो. वाटेत एक तळं लागलं. पूर्ण गोठलेलं, आणि त्याच्या मधोमध माणसं खुर्च्या टाकून बसलेली. बाबा म्हणाले, "थांबव." इथे आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. आम्ही कडेला उभे राहून बराच वेळ बघत होतो. दूर बर्फावर कुठेतरी एक छोटं निशाण अचानक वर उठलं आणि एक जाडजूड माणूस त्याच्याकडे चक्क पळत सुटला. सरकारी नोकरीत एवढ्या वर्षांत निशाण पाहून कोणी पळताना त्यांनी पाहिलं नव्हतं, असं बाबा म्हणाले.

म्हणून ते दुकान. त्या निशाणाच्या यंत्राला टिप-अप म्हणतात. बर्फाला भोक पाडायचं, त्यावर हे आडवं ठेवायचं. खाली पाण्यात दोऱ्याचं रीळ लोंबतं, दोऱ्याला गळ, गळाला जिवंत बारकी मासळी. मोठ्या माशाने ओढलं की रीळ फिरतं, खटका सुटतो आणि वाकवून ठेवलेली पट्टी निशाणासकट ताठ उभी राहते. तोवर माणसाने लांब बसून कॉफी प्यायची.

निवड करायच्या आधी मी इंटरनेटवर लोकांची मतं वाचली होती. एका गृहस्थाने लिहिलं होतं की या टिप-अपने त्याला संयम शिकवला. दुसऱ्याने त्याच टिप-अपला एक तारा दिला होता, कारण ती संयम संपेपर्यंत उठली नाही. खोक्यांवरची भाषा तर युद्धावर निघाल्यासारखी. दुकानाच्या मालकीणबाई, नाकावर चष्मा आणि अंगावर दोन स्वेटर, त्या मानाने साध्या बोलल्या. त्यांनी एक गोल प्लास्टिकची दाखवली. ती भोकावर झाकणासारखी बसते, त्यामुळे भोक गोठत नाही आणि यंत्राला थंडी लागत नाही. नवख्यांनी हीच घ्यावी, असं त्यांचं म्हणणं.

बाबांना ती आवडली नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणाले. त्यांनी लाकडी उचलली, फुलीच्या आकाराची, रीळ आणि खटका उघड्यावर असलेली. बोटाने रीळ फिरवलं, खटका पाडला, निशाण उठवलं, पुन्हा वाकवलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं तरी हे सुरूच. धरणाचे दरवाजेही त्यांनी असेच तपासले असतील, आणि तेव्हा मी शाळेत असेन. शेवटी म्हणाले, "निळं निशाण आहे का, विचार."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, सगळी नारिंगीच येतात, बर्फावर लांबून दिसतात. निळंच का हवं, ते मी त्यांना सांगत बसले नाही.

"चालेल," बाबा म्हणाले. अनेक सरकारांशी जमवून घेतलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

चार लाकडी टिप-अप घेतल्या, भोक पाडायचा हाताचा गिरमिट भाड्याने ठरवला, परवाने काढले. आदल्या संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून चारही टिप-अपना तेलपाणी केलं. रिळं कुरकुरत होती. आमच्याकडे कुरकुरणाऱ्या कडीला, केसांना आणि फुटलेल्या टाचांना एकच तेल असतं, ते त्यांनी लावलं. रिळं लोण्यासारखी फिरायला लागली. मला हाक मारून त्यांनी ते दाखवलंसुद्धा.

तळ्यावर पहिलं पाऊल बाबांनी टाकलं नाही. आधी वाकून हात टेकवला. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, चार इंच असेल तर चाला, आज सात आहे. तरी त्यांनी काठाजवळ भोक पाडून स्वतः मोजपट्टी घातली. "आयुष्यभर पाण्याची उंची मोजली," ते म्हणाले. "जाडी आज मोजून राहिलो."

बर्फ पांढरा असेल, असं मला वाटलं होतं. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेला होता आणि खाली काळी काच होती. तिच्यात बुडबुडे एकावर एक थिजले होते, त्याखाली पाणवनस्पती हलत होत्या. आमच्या बुटांखाली सगळं तळं आपलं काम करत होतं आणि आम्ही त्याच्या छतावर. मध्येच कुठून तरी दणका आला, लांबलचक, तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. मी बाबांचा दंड धरला. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने वर न पाहता सांगितलं, बर्फ वाढतोय, चांगली गोष्ट आहे.

बाबा पोटावर झोपले. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून खाली बघत राहिले. टोपी, मफलर, लोकरीचे हातमोजे, आणि गोठलेल्या तळ्यावर पालथे पडलेले एक निवृत्त उपअभियंता. मी जन्मात त्यांना असं पाहिलं नव्हतं. आमच्या तलावांवर जलपूजन असलं की मंत्री भाषण करायचे आणि बाबा मागे उभे राहून घड्याळ बघायचे. आज भाषण नव्हतं आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"इथं मंत्र्यानं नारळ टाकला," ते खालूनच म्हणाले, "तर तो परत येईन त्याच्याकडेच."

दुपारपर्यंत आम्ही बसलो. म्हाताऱ्याची निशाणं दोनदा उठली. आमच्या चारही टिप-अप अगदी शांत. मी मनातल्या मनात एप्रिलचं तिकीट बघत होते. एक मासा, म्हटलं, अगदी लहान असला तरी चालेल. हिवाळ्यात माणूस काय करतो याचं उत्तर माझ्याकडे एवढंच होतं आणि ते उठायला तयार नव्हतं.

ऊन कलल्यावर पहिली टिप-अप उचलली. गळ रिकामा. दुसरीचाही. तिसऱ्या गळाला मासळीचं नुसतं डोकं उरलं होतं. खाली कोणीतरी येऊन निवांत जेवून गेलं होतं आणि वर कळवलं नव्हतं. बाबांनी रीळ फिरवायला अंगठा लावला. फिरेना. जोर लावला तशी आसाच्या फटीतून मेणासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं. त्यांनी हातमोजा काढला, ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. मीही हुंगलं.

म्हाताऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर बाबांनी इंग्रजीत सांगितलं, देखभालीचा प्रश्न आहे.

गाडीत ते एडिसन येईपर्यंत रिळाचा आस रुमालाने पुसत होते. टिप-अप मांडीवर, निशाण वाकवून पकडलेलं. शेवटच्या वळणावर म्हणाले, "त्या बाईला विचारून ठेव, याला कोणतं तेल लागते. पुढच्या हिवाळ्यात आधीपासून लावून ठेवीन."

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "तिकीट कॅन्सल करू?"

"कर ना मग," ते म्हणाले. "काहून विचारते?"

भंडाऱ्यात डिसेंबर लागला की आई खोबरेलाची बाटली सकाळी अंगणात उन्हात ठेवायची. ते तेल चोवीस अंशांखाली गोठतं. तळ्यावर उणे सहा होतं.