फुकटचा पहिला नंबर

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरीही एक अख्खा हंगाम, कोल्हापुरातल्या सहा ज्युनियर कॉलेजांच्या संघांत पहिला कोण आणि सहावा कोण, हे दर सोमवारी मी जाहीर करायचे. मतं दुसऱ्यांची असायची, मी नुसती बेरीज करायचे. पण फळ्यावर खडू माझा चालायचा, त्यामुळे बोलणीही मलाच बसायची.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. अकरावी-बारावी ही नवी भानगड नुकतीच सुरू झालेली. मी चोवीस वर्षांची, कसबा बावड्याकडच्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला लागले होते. पोरं बहुतेक शेतकऱ्यांची. साखर कारखाना सुरू झाला की वर्गात मळीचा वास यायचा आणि मागच्या बाकावर ऊस सोलल्याचा आवाज. मी तापट. डस्टर फेकून मारायची माझी ख्याती पहिल्या महिन्यातच झाली होती.

आमच्या प्राचार्यांचा भाचा अमेरिकेत होता. त्याने धाडलेल्या एका मासिकात प्राचार्यांनी वाचलं की, तिकडे ज्युनियर कॉलेजांच्या फुटबॉल संघांची दर आठवड्याला क्रमवारी लागते. जाणकार माणसं मतं देतात, मतांची बेरीज होते आणि यादी छापून येते. प्राचार्य हरखले. म्हणाले, "आपलंही ज्युनियर कॉलेज, आपलाही फुटबॉल. मग आपली क्रमवारी का नको?"

आमचे खेळाचे सर शेजारीच बसले होते. त्यांनी मासिकातला फोटो डोळ्यांजवळ नेला. लोखंडी जाळीची टोपडी घातलेले दांडगे गडी, आणि एकाच्या काखेत लांबुळका चेंडू.

"सायेब, ह्यो तर चेंडू काखंत घिऊन पळालाय की! आन् ह्येला फुटबॉल म्हनत्यात?"

"खेळ राहू दे त्यांचा त्यांच्यापाशी," प्राचार्य म्हणाले. "पद्धत तेवढी घेऊ."

पद्धतीची गरज होतीच. मैदान मिळायची मारामार असल्यामुळे कुणाचे चार सामने झालेले असायचे, तर कुणाचा एकच. नुसते जिंकलेले सामने मोजून काही कळायचं नाही. मग सहा कॉलेजांच्या खेळाच्या सरांची बैठक झाली आणि ठरलं. रविवारचे सामने पाहून प्रत्येक सरांनी सोमवारी दुपारपर्यंत एक चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठीत सहाही संघ क्रमाने लिहायचे. पहिल्याला सहा गुण, दुसऱ्याला पाच, असं करत शेवटच्याला एक. बेरीज मी करायची, कारण मी गणिताची. आणि संध्याकाळी चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर यादी लिहायची.

आता आमच्या सरांविषयी सांगायला हवं. वय सत्तावन्न, येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे. शिडशिडीत अंग, गळ्यात शिट्टी, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. आयुष्य पोरांना फुटबॉल शिकवण्यात गेलं, आणि संघ कायम तळाला. आमची पोरं सकाळी धारा काढून, वैरण टाकून यायची आणि अनवाणी खेळायची. समोर पेठेतल्या कॉलेजची पोरं, चालायला लागल्यापासून तालमीच्या फुटबॉल संघामागे फिरणारी. ती आमच्यावर सहज पाच-सहा गोल करायची. सर हसून म्हणायचे, "हरल्यावर बी भूक लागती का न्हाय? मग झालं तर." पण एकदा स्टाफरूममध्ये कुणी नसताना ते मला म्हणाले होते, "बाई, जायच्या आधी एकदा तरी आमच्या पोरांचं नाव वर बगायचं हाय. एकदाच."

पहिल्या सोमवारी सहा चिठ्ठ्या आल्या. मी बेरीज केली आणि गारच पडले. आमचं कॉलेज पहिलं! पेठेचं कॉलेज, ज्यांना त्या हंगामात कुणी हरवलं नव्हतं, ते चक्क शेवटी! तीनदा बेरीज केली. तेच उत्तर. गणित चुकत नाही अशी माझी घमेंड होती. गेले चौकात, चढले स्टुलावर, लिहिलं फळ्यावर.

अरे देवा, काय हलकल्लोळ झाला! पेठेतली माणसं फळ्याखाली जमून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायला लागली. "बाईंनी फळा उलटा टांगलाय!" "पावणं, खालनं वर वाचा, म्हंजे बरोबर हाय!" पेठेच्या कॉलेजचे खेळाचे सर, आडदांड गृहस्थ, मिशीला पीळ देत माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, ह्यो हिशेब तुम्ही केलासा?" मीही मान वर करून म्हणाले, "हो, मीच. चूक असेल तर काढून दाखवा." त्यांना काढता येईना आणि मला सांगता येईना.

आणि तेवढ्यात आमचे सर सायकलवरून आले. त्यांनी यादी वाचली. पुन्हा वाचली. बोट लावून वाचली. तडक समोरच्या मिठाईच्या दुकानात गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ज्याला त्याला पेढा पुढे करत होते, आणि लोक खो खो हसत होते. पेठेच्या सरांनी तर हात मागे बांधून घेतले. "फुकटच्या नंबराचा पेढा आमाला नको," म्हणाले. पुडा जवळजवळ भरलेलाच राहिला. सर तो तसाच हँडलला अडकवून घरी घेऊन गेले.

घरी जाऊन मी सहाही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या, आणि कपाळावर हात मारून घेतला. सहाही सरांनी स्वतःच्या कॉलेजला पहिलं ठेवलं होतं. कोल्हापूरचा माणूस, आपल्या संघाला दुसरा नंबर देईल होय? मरेल पण देणार नाही! आणि ज्याची भीती, त्या पेठेला सगळ्यांनी तळाला ढकललं होतं. उरला दुसरा नंबर. तो कुणाला द्यावा? ज्याच्यापासून कुणालाच धोका नाही त्याला. पाचही सरांनी डोळे झाकून आम्हाला दुसरं ठेवलं होतं. पाच जणांचे पाच-पाच आणि आमच्या सरांचे सहा, झालो आम्ही पहिले. आमच्या सरांनीही पेठेला सहावंच टाकलं होतं, तेही काही मागे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोठ्या आशेनं विचारलं, "बाई, आपण पयले कशामुळं आलो वो?" शहाण्या बाईनं काहीतरी थाप मारली असती. मी कागद काढून सगळं गणित समजावून दिलं. शेवटी वर मीच म्हणाले, "म्हणजे आपली कुणाला भीतीच वाटत नाही, म्हणून आपण पहिले." सरांचा चेहरा उतरला. "आस्सं हाय व्हय," एवढंच म्हणाले आणि पंप घेऊन चेंडूत हवा भरायला गेले. मला माझ्याच जिभेचा असा राग आला की काय सांगू.

मग मी सहाही सरांना बोलावून फैलावर घेतलं. चोवीस वर्षांची पोर, आणि समोर सहा पहिलवान गडी! नवा नियम केला. आपलं कॉलेज लिहायचंच नाही. बाकीच्या पाचांचा क्रम लावायचा, पहिल्याला पाच गुण, शेवटच्याला एक. "आणि चिठ्ठ्या मी कुणाला दाखवणार नाही," मी म्हणाले, "पण मी बघणार आहे. कुणी मुद्दाम चांगल्या संघाला तळाला टाकलं, तर तो माणूस माझ्या मनातून उतरला." काय वाटलं कोण जाणे, सगळे पोरांसारखे खाली बघत बसले. पेठेचे सर तेवढे खूष होते.

पुढच्या सोमवारी पेठ पहिली आणि आम्ही सहावे. सरांनी फळा पाहिला, मान हलवली आणि सायकलवर टांग टाकली.

पण पोरं बिथरली होती. आठवडाभर बाजारात, दूध डेअरीत, जिथं जातील तिथं त्यांना लोक चिडवत होते, "आले बगा पयल्या नंबरचे!" गोलरक्षकाच्या तर घरीच त्याची आज्जी त्याला 'पयला नंबर' म्हणून हाक मारायला लागली होती. पोरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळच्या धारा उरकून ती अंधुकात मैदानावर यायला लागली. सर त्यांच्याही आधी हजर. पहिल्या तासाला पोरं माझ्या वर्गात घामेजलेली यायची आणि समीकरणं सोडवता सोडवता पेंगायची. एरवी मी डस्टर फेकला असता. त्या दिवसांत हळूच खिडकी उघडून वारा यायला जागा करून द्यायचे.

मीही मैदानावर जायला लागले. पायऱ्यांवर चार विद्यार्थिनींना घेऊन बसायचे. ऑफसाइड मला काही केल्या कळेना, तेव्हा सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर खडूची पेटी, दोन शाईच्या दौती आणि प्राचार्यांचा चष्मा मांडून मला समजावलं. "ह्यो चष्मा फुडं घुसला, दौत मागं ऱ्हायली. कळलं?" कळलं. त्यानंतर मी पायऱ्यांवरून इतकी ओरडायचे की दुसऱ्या दिवशी शिकवायला आवाज राहायचा नाही.

संघ पाचवा झाला. चौथा झाला. संक्रांतीच्या आठवड्यात तिसरा झाला, तेव्हा फळ्याखाली कुणीच हसलं नाही. हंगामाचा शेवटचा रविवार उरला, आणि सामना होता पेठेशी. तो जिंकला, तर नंबर वर जाणार हे पोरासोरांनाही कळत होतं. त्यानंतर बारावीची परीक्षा आणि सरांची निवृत्ती. त्यांना दुसरी संधी नव्हती.

सामना आम्ही एक-शून्यने जिंकलो. सामना संपायला पाचेक मिनिटं असताना आमच्या एका अनवाणी पोरानं गोल केला आणि अख्खा बावडा मैदानात उतरला. मी चप्पल कुठं हरवली ते मला आजतागायत माहीत नाही. सर मात्र मैदानाच्या कडेला दोन्ही हातांनी शिट्टी धरून नुसते उभे होते.

सोमवारी चिठ्ठ्या आल्या. पेठेच्या सरांची चिठ्ठी मी आधी उघडली. आम्ही पहिले! सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज केली. पेठ तेवीस, आम्ही बावीस. पुन्हा केली. तेवीस आणि बावीस. पाच वेळा केली, मेली हलेच ना! मग कुणी किती दिले ते बघत गेले, आणि सगळ्यात खालची चिठ्ठी हातात आली. आमच्या सरांची. गोल गोल अक्षरात सगळ्यात वर पेठेचं कॉलेज. पूर्ण पाच गुण.

मी तणतणत खेळाच्या खोलीत गेले. सर जाळं दुरुस्त करत बसले होते.

"सर, हे काय केलंत? कालच त्यांना हरवलंत ना? दुसरं ठेवलं असतंत तरी बरोबरी झाली असती. तिसरं ठेवलं असतंत तर आपण पहिले होतो! एका गुणानं गेला नंबर!"

सरांचा हात थांबला. "एका गुनानं?"

"एका गुणानं."

आणि तेव्हा मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सहा जणांना फैलावर घेणारी मी, मी सरांच्या पुढ्यात कोरा कागद ठेवला. पेन ठेवलं. म्हणाले, "दुसरी चिठ्ठी लिहा. मीच बघणार आहे, दुसरं कोणी नाही."

सरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"न्हाय बाई. काल आमी जिकलो, पर संघ त्येंचाच चांगला हाय. साऱ्या हंगामात एकच मॅच हारल्यात ती. डोळ्यांनी दिसतंय ते कसं नाकारू? आन् पयला नंबर मला एकदा फुकट मिळालाय. पचला न्हाय." मग हसले. "चला, उशीर हुतोय. स्टूल मी धरतो."

चौकात ही गर्दी! सरांनी स्टूल धरलं आणि मी लिहिलं. पहिलं पेठ, दुसरं आमचं कॉलेज. आमची पोरं अशी ओरडली की दुकानदार बाहेर आला. सहाव्यावरून दुसरे! सर बोट लावून यादी वाचत होते, त्या पहिल्या सोमवारसारखीच. मग समोरच्या दुकानात गेले आणि पुडा घेऊन आले. या वेळी पुड्यावर हातांची झुंबड उडाली. पेठेच्या सरांनी तर दोन उचलले.

"खरं सांगू का," पेठेचे सर तोंडात पेढा धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तुमाला पयलं टाकलं हुतं. कालचा खेळच तसा हुता. तुमी आमाला कितवं टाकलासा?"

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला व्हय? शेवटी! जुनी सवय, जातीय कुठं?"

चौक हसून हसून लोटपोट झाला. पेठेच्या सरांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "आयला, सुधारायचा न्हायसा तुमी!" सरही खदखदून हसत होते. सरांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी घाईघाईनं अख्खा पेढा तोंडात कोंबला, नाहीतर खरं काय ते माझ्या तोंडून निघून गेलं असतं.