शर्ली म्हणजे उजळ माळ

ॲशली, स्टॅनली, शर्ली... इतक्या इंग्रजी नावांच्या शेवटी ‘ली’ का येतं, हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल. मला तो अकराव्या वर्षी पडला, आणि त्याच्या उत्तरावर माझी परीक्षा अवलंबून होती.

गोष्ट चाळीसच्या दशकातली, लोणावळ्यातली. वडील रेल्वेत फिटर, म्हणून इंग्रजी शाळेत जागा मिळाली. पहिल्याच दिवशी मिस म्हणाल्या, “इंद्रायणी? नदीचं नाव माणसाला कोण ठेवतं? आजपासून तू शर्ली.” हजेरीपटावर तसं लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ‘शर्ली’ असा पुकारा झाला की मी गप्प. मिस माझ्याकडे बघत गैरहजेरी मांडायच्या... पहिल्या बाकावर बसूनही मी शाळेत नव्हते. मधल्या सुट्टीत मुली चिडवायच्या, “गैरहजर आली गं.”

महिन्याभरात घरी चिठ्ठी आली. असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही.

वडील म्हणाले, “ओ द्यायची का न्हाई, ते तू ठरव. पर नाव आमी ठेवलंय. कार्ल्याच्या आपल्या भाताला इंद्रायनीचंच पानी हाय.”

मग ‘शर्ली’चा अर्थ शोधायला मी वर्गातल्या कपाटातला जाडजूड शब्दकोश उघडला. शेवटी नावांची यादी होती. जुन्या इंग्रजीत ‘ली’ म्हणजे रानात मोकळी केलेली जागा. ॲशच्या झाडांची ती ॲशली, दगडांची ती स्टॅनली. आणि शर्ली? उजळ माळ. आधी गावाचं नाव, मग तिथल्या घराण्याचं, आणि फार पुढे मुलींचं.

सकाळी हजेरीला मी उभी राहिले. “मिस, शर्ली हे माळाचं नाव आहे. माळाचं चालतं, तर नदीचं का नाही? माझ्या नदीचं पाणी तर मी प्यायलेय.”

मिसनी कोश मागवला, ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग हजेरीपटावरच्या ‘शर्ली’वर रेघ मारली आणि अडखळत म्हणाल्या, “इन... ड्रायनी.”

“प्रेझेंट, मिस.”

चूक मान्य करणाऱ्या त्या मिसची मी आजही ऋणी आहे... नव्वदी ओलांडली, नाव तेच आहे.

आता तुम्ही करून बघा. असं एखादं इंग्रजी नाव घ्या, त्यातलं ‘ली’ झाका, उरलेलं कोशात शोधा. सगळ्यांत नाही, एमिली वेगळ्या घरची. पण बऱ्याच ठिकाणी कुणाचं तरी झाड नाहीतर दगड सापडेल. मग स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारा, आणि बघा संकोचानं आवाज खाली येतो का.