दगड न करणारे जिवाणू

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, २००४च्या सुमारास, मे महिन्यात मी कोल्हापूरहून घरी आले ती बॅगेत जिवाणू घेऊन. फोंडाघाट उतरताना एसटीच्या प्रत्येक वळणाला मी बॅग अशी काही पोटाशी धरत होते की शेजारच्या बाईंनी विचारलं, देव आहेत का आत?

होते मातीतले साधे जिवाणू. युरिया मिळाला की ते तो फोडतात, अमोनिया सुटतो, आणि मग पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतं. शिंपला ज्याचा, तोच हा दगड. शिंपला निदान स्वतःसाठी घर बांधतो. हे खाता खाता उगाच दगड करतात. मला याचं भारी नवल वाटायचं.

युरिया कसा फोडायचा हे त्यांच्या जनुकांत लिहिलेलं असतं. अतिनील प्रकाशाखाली धरून मी काही जिवाणूंची जनुकं बिघडवली होती. युरिया फुटला की गुलाबी होणाऱ्या ताटलीत एकच ठिपका पांढरा राहिला होता. त्या पांढऱ्यावर माझा जीव होता. त्याने दगड केला नाही, तर एका जनुकावर सगळं अवलंबून आहे असं म्हणता आलं असतं. केला, तर सुट्टीनंतर विषय बदलायचा, असं सरांनी बजावलं होतं. प्रयोगशाळा महिनाभर बंद, आणि मला धीर कुठला!

कुकरमध्ये उकळून घेतलेल्या दोन बाटल्या युरिया आणि कॅल्शियमच्या पाण्याने भरल्या, एकीत धडधाकट जिवाणू सोडले, दुसरीत बिघडलेले. तोंडाला कापसाचे बोळे लावले आणि मांजराच्या भीतीने दोन्ही पत्र्याच्या पेटीत बंद केल्या. काही दिवसांनी पेटी उघडली तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोरी कुसली काय गो खंय?"

वास अगदी तसाच होता. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या मांसातही युरिया असतो. पण मला वासाचं काय! दोन्ही बाटल्यांच्या तळाशी पांढरा थर होता. मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर कट्टा गावच्या बाजाराला गेले. ती मासे विकते, सुट्टीत मी पाट्या लावून देते. पापलेटं एका पाटीत ठेवली आणि मोरी सवयीने लांबच्या पाटीत टाकली, कारण तिचा वास पापलेटांना लागला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. दुसरी मोरी हातातच राहिली. मासे विकणाऱ्या बाईची मुलगी मी, आणि दोन बाटल्या एका पेटीत कोंडल्या होत्या! धडधाकटांचा अमोनिया बोळ्यातून निघून शेजारच्या बाटलीत शिरला होता आणि तिथेही दगड करून बसला होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मी भर बाजारात हसले.

घरी येऊन सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी धडधाकटांची बाटली पेटीत ठेवली आणि बिघडलेल्यांची शेजारच्या काकींच्या माडीवर. मधले दिवस मी बोटांवर मोजले.

शेवटी दोन्ही बाटल्या अंगणात उन्हात आणल्या. पहिलीच्या तळाशी पांढरा थर. त्यावर कोकमाच्या आंबट आगळाचे थेंब टाकले, तर फसफसून बुडबुडे आले. दुसरी तिरकी केली, फिरवली, उजेडासमोर धरली. पाणी गढूळ, पण तळाला कणसुद्धा नाही. आगळ टाकलं, एक बुडबुडा नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि डोळे भरून वाहू लागले.

आई हात पुसत बाहेर आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाटली घेऊन आत डोकावली.

"ह्येच्यात तर कायच नाय गो," ती हळूच म्हणाली. "रडा नको. परत कर, होतला."

हेच तर हवं होतं, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ती शेजारी पायरीवर बसली. ती माझी पाठ थोपटत राहिली, आणि मी तिला थोपटू दिलं.