रिसिव्हरचा लुकलुकता दिवा

आमच्या मैदानावर शिकलेली माणसं फार. कल्याणच्या पुढे खाडीलगत माळरान आहे, तिथे रविवारी सकाळी ठाण्या-डोंबिवलीतले हौशी लोक आपापली रिमोटची विमानं उडवायला येतात. मी सातवी शिकलेलो, डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत वायरमन म्हणून जन्म काढला. बिघाड झाला की मला कुणी विचारत नाही. विमान चिखलात पडलं की मात्र, "काका, जरा आणता का?"

दसऱ्यानंतर माझंच विमान बिघडलं. नाकावरचा पंखा जोरात फिरवला की शेपूट आपोआप फडफडायचं, मग मेल्यासारखं थांबायचं. मी ते हवेत सोडलं नाही. त्याच्या पंखांवरचं पातळ लाल प्लास्टिक माझ्या बायकोने कपड्यांच्या इस्त्रीने चिकटवलेलं, एक सुरकुती नाही. आषाढात ती गेली. पडून फाटलं तर तिचे हात कुठून आणू?

विद्वान जमले. एक म्हणाला, "काका, मोबाईल टॉवरचा त्रास आहे." टॉवर कित्येक वर्षं तिथेच उभा आहे, त्याला आजच माझं विमान दिसलं? दुसऱ्याने लॅपटॉप उघडून नवा रिसिव्हर दाखवला. रिसिव्हर म्हणजे रिमोटचा हुकूम पकडणारी विमानातली छोटी डबी. तिसरा म्हणाला, "आता भिंतीला लावा ते, काकूंची आठवण म्हणून."

"हार पण घालू का?" मी म्हटलं. तो पाणी प्यायला गेला.

एकानेही झाकण उघडून आत बघितलं नव्हतं.

मी विमान दगडाला बांधलं आणि रिमोट घेऊन तीस पावलं मागे गेलो. पंखा बंद असताना शेपूट शहाण्यासारखं हललं. म्हणजे सिग्नल पोचत होता. पंखा सुरू केला, परत फडफड. पंखा थांबवून जवळ गेलो, झाकण उघडलं तर रिसिव्हरचा दिवा लुकलुकत होता. माझ्या रिसिव्हरचा दिवा करंट तुटून परत आला तरच असा लुकलुकतो. म्हणजे हादऱ्याने कुठेतरी जोड सुटत होता. करंटचा प्लग उपसला. पिना हिरव्या पडलेल्या, आणि खोबणीत सुकलेलं कुंकू.

शेजारीण म्हणालेली, वर्षभर सण करायचा नसतो. यंत्राला कसलं सुतक, असं म्हणून मी दसऱ्याला विमानाची पूजा केली. दरवर्षी बायको करायची, नाकावर कोरड्या बोटाने एक टिकली, संपलं. मी शहाण्याने कुंकू पाण्यात कालवून थेट रिसिव्हरला फासलं, तो विमानाचा मेंदू म्हणून. ओल्या हाताने बोर्डाला हात लावू नका, असं जन्मभर लोकांवर ओरडलेला वायरमन मी.

"काय सापडलं, काका?" लॅपटॉपवाल्याने विचारलं.

"गाढव सापडलं. हे काय, समोर उभं आहे."

प्लग कापून नवा बसवला, रिसिव्हरच्या पिना ब्लेडने खरवडून स्पिरिटने पुसल्या. अर्धा तास पंखा कमीजास्त करत बसलो. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग मी विमान सोडलं.

वर गेल्यावर ते लाल पंख उन्हात आरपार दिसायला लागले, आतल्या फळ्या मोजता याव्यात इतके. तिने हे कधी पाहिलंच नाही. मैदानावर बायका येत नाहीत म्हणून मी तिला कधी आणलं नव्हतं, आणि कुणी आणू नका असं म्हणालंही नव्हतं.

चार मिनिटांनी उतरवलं. पंख शाबूत.