पलीकडचा नट

यंत्रातलं मला कळतं, असं वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात फक्त एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस मीच. प्लासिड मास्तर. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या मोटारसायकलींतली एक मी घेतली, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागेनात. बायकोला, सालोमीला, बजावून ठेवलं होतं, "गाडीला हात लावायचा नाही. ते बायकांचं काम नव्हे."

एक्कावन्न सालचा तो रविवार. सालोमीचा धाकटा भाऊ आल्बर्ट दुपारी दोनला मुंबईहून बोटीवरच्या नोकरीला निघणार होता, तीन वर्षांसाठी. त्याला निरोप द्यायला आम्ही धक्क्यावर जाणार होतो. आई गेल्यावर त्याला हिनेच लहानाचा मोठा केलेला. चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो तर काशीराम टांगेवाला दारात हजर. मी त्याला परत पाठवला. "टांगा कशाला? साडेअकराची आगगाडी आरामात गाठतो आम्ही!"

मोटारसायकल सुरू केली तर इंजिनच डुगडुगायला लागलं. इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारा बोल्ट ढिला झाला होता. आता पंचाईत अशी, की रविवारी अंगमेहनतीचं काम म्हणजे पाप, आणि आदल्याच दिवशी मी शाळेत त्यावर अर्धा तास व्याख्यान झोडलं होतं. कुणी पाहिलं असतं तर अब्रूचं खोबरंच! म्हणून गाडी गोठ्यामागे ढकलत नेली, कुडाला अगदी चिकटवून उभी केली आणि पाना लावला.

बोल्ट फिरला. फिरतच राहिला. मी पिळतोय, तो फिरतोय. आटे गेले म्हणावं, तर बाहेरही येईना. केळीच्या खोडाचं सोपट ओलं करून बोल्टाच्या डोक्याभोवती गुंडाळलं, शिव्या घातल्या, मग शिव्यांबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. कुमसाराला फादरना सांगायच्या पापांची यादी तेवढी वाढत गेली.

"अजून किती वेळ?" सालोमीने घरातून दोनदा विचारलं.

"झालंच!" मी दोनदा ओरडलो. झालं होतं कप्पाळ.

तिसऱ्यांदा तीच आली. ठेवणीतलं लाल लुगडं, हातात आल्बर्टच्या आवडीच्या सुकेळ्यांचा पुडा. वाकून तिने कुडाच्या बाजूला डोकावून पाहिलं.

"अहो, पलीकडे नट आहे ना! बोल्टाबरोबर तोही फिरतोय. त्याला कुणी धरायला नको?"

तिने गाडी वीतभर बाहेर ओढली, पुडा खाली ठेवला आणि पक्कडीने नट धरला. माहेरी विहिरीवरच्या रहाटाचे बोल्ट ती बापाबरोबर अशीच आवळायची, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. मी पाना फिरवला. दोन मिनिटांत काम फत्ते.

वसई रोड स्टेशनात धावत शिरलो तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. पुढची गाडी एक वाजता. त्या गाडीने गेलो असतो तर रिकामा धक्का पाहून आलो असतो.

मी लगेच सबबी सुरू केल्या: आटे, कूड, रविवार. सालोमीने पुडा छातीशी घट्ट धरला होता. तिने भर फलाटावर माझी खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला एक हाक मारायला काय झालं होतं हो?"

तेवढी अक्कल गाढवापाशी कुठून असणार? परत येताना रस्ताभर खड्डे होते, पण इंजिन तसूभरही हललं नाही.